वक्ता विहिरीत, सत्कार मात्र खणखणीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात 35 वर्षे मी सभांना माईक-स्पीकर लावले. हल्ली गुडघे चालत नाहीत, म्हणून व्याख्याने मोबाइलवर ऐकतो. परवा नातवाने इथल्याच एका व्याख्यानाचा व्हिडिओ लावून दिला. विषय पंचगंगेचा पूर. कॅमेरा शेवटच्या रांगेमागे आणि आवाजही त्याच कॅमेऱ्याच्या माईकने घेतलेला. पंख्याची घरघर आणि कुणाचा तरी खोकला स्पष्ट, वक्ता मात्र विहिरीतून बोलतोय. अहो, सगळे माईक ज्याला जोडतात तो आवाजाचा मिक्सर तिथेच होता. एक वायर ओढायचा प्रश्न!

शाल, नारळ, रोपटे, पुन्हा शाल, हे सगळे त्यात अखंड आहे. प्रश्नोत्तरे मात्र कापलीत. त्या सभेला मी रिक्षा करून गेलो होतो, म्हणून काय कापले ते मला ठाऊक आहे. कुंभार गल्लीतल्या एक बाई उठून म्हणाल्या, "पूररेषा कागदावर आहे, मग आमच्या खालच्या अंगाला भराव कुणी टाकू दिला?" वक्ते थांबले, पाणी प्याले, मग बोलले. पुढची दहा मिनिटे सगळ्या भाषणाला भारी होती.

नातू सांगत होता, सॅन फ्रान्सिस्कोत 2005 च्या सुमारास 'फोरा टीव्ही' नावाची कंपनी निघाली. काढणारे ब्रायन ग्रूबर, आधी सी-स्पॅन या सार्वजनिक कामकाज दाखवणाऱ्या वाहिनीत होते. त्यांनी स्वतः व्याख्याने भरवायच्या फंदात न पडता कॉमनवेल्थ क्लबसारख्या संस्थांत जी होत होती तीच नेटवर आणली. तो क्लब 1903 चा. आपले करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे! संस्थांची आपल्याकडे वानवा नाही, वक्त्यांची तर नाहीच.

तेव्हा आयोजकांना विनंती, आवाज मिक्सरमधून घ्या. कात्री लावायचीच तर हारतुऱ्यांना लावा.

माझ्याकडे जुन्या भाषणांच्या चाळीसएक कॅसेटी होत्या. 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या खालच्या खोलीत पाणी शिरले, सात वाचल्या. कुणी त्या उतरवून घेणार असेल तर टेपरेकॉर्डरसकट देतो. त्याचे हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, तेवढे साफ करून घ्यावे लागेल.

– एक जुना माईकवाला, शाहूपुरी, कोल्हापूर