गाड्या विकल्या, पण कुणाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दर महिन्याच्या सुरुवातीला वाहन कंपन्यांचे आकडे येतात आणि ‘विक्री इतक्या टक्क्यांनी वाढली’ असा मथळा छापून येतो. हे आकडे बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. ग्राहकाच्या नावावर किती गाड्या झाल्या, ते सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदणीतून कळते आणि डीलरांची संघटना ‘फाडा’ ते वेगळे जाहीर करते. मधला फरक डीलरच्या यार्डात, बँकेच्या व्याजावर उभा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवासी गाड्यांचा हा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीला पुरेल इतका झाल्याचे फाडाने सांगितले होते.

चाकण-भोसरीच्या सुट्या भागांच्या पुरवठादाराला याचा फटका कसा बसतो, ते आकड्यांत पाहा. डीलर महिन्याला १०० गाड्या विकतो आणि एक महिन्याचा साठा ठेवतो. एका महिन्यात नेहमीच्या १०० आल्या, पण ११० गेल्या; साठा ९० उरला, हवा ११०. म्हणून पुढची ऑर्डर १३०. कंपनीने ती तशीच पुढे पाठवली, तर तसाच १०० चा साठा ठेवणाऱ्या आणि महिन्याला १०० संच (एका गाडीचे भाग म्हणजे एक संच) बनवणाऱ्या पुरवठादाराकडे १३० संच देऊन ७० उरतात. साठा १३० करायचा म्हणून तो १९० संचांचे नियोजन करतो. पुढच्या महिन्यात डीलरची ऑर्डर ११० वर येते, पुरवठादाराकडे १५० संच पडून राहतात आणि उत्पादन ७० वर आणावे लागते. ग्राहक वाढले फक्त दहा टक्के, तेही टिकून आहेत. इकडे मात्र एका महिन्यात ओव्हरटाइम आणि पुढच्या महिन्यात ठेकेदारी कामगारांना ब्रेक! माल पोचायला जितका वेळ जास्त, तितका हा झोका मोठा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच हे गणित मांडले होते.

त्यात भर आपल्या सवयींची. डीलरचा इन्सेंटिव्ह कंपनीकडून उचललेल्या गाड्यांवर असतो, म्हणून महिनाअखेरच्या आठवड्यात बिलांची गर्दी. वेटिंग लांबले की ग्राहक दोन-तीन ठिकाणी बुकिंग करतो, एक गाडी मिळाली की बाकीची रद्द. कंपनी मात्र सगळी बुकिंगे मागणी म्हणून मोजते.

२०२५ मध्ये तर करानेच हे घडवले. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला निर्णय आला, दर लागू झाले २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. मध्ये पितृपक्ष. छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर येणार हे कळल्यावर ग्राहक थांबला. जुन्या साठ्यावर भरलेल्या उपकराची वजावट मिळणार नाही, म्हणून डीलरही थांबला. नंतरची उसळी ही बरीचशी पुढे ढकललेली खरेदी होती. ती कायमची मागणी समजून नवी यंत्रे घेणे धोक्याचे.

कंपन्यांनी ऑर्डरऐवजी डीलरची रोजची किरकोळ विक्री थेट पुरवठादाराला दाखवली, तर यातले बरेच टळेल. तसे करार होईपर्यंत आपण बातमीत तीन आकडे शेजारी छापावेत: रवानगी, नोंदणी आणि साठ्याचे दिवस. यार्डातल्या गाड्यांना रोजच्या सरासरी विक्रीने भागले की दिवस मिळतात. २४० गाड्या आणि रोज ३ विक्री, म्हणजे ८० दिवस. मात्र सरासरी किमान तीन महिन्यांची घ्यावी, फक्त दसरा-दिवाळीची नको.

आपले,
सुट्या भागांच्या उद्योगात उत्पादन नियोजन पाहणारे काही वाचक, चाकण