पाटीवर पिढीही लिहा

महोदय,

घरातल्या संगणकाचं जुनं कॅबिनेट काढून लहान डेस्कटॉप घ्यावा म्हणून सीताबर्डीत फिरले. आमचं काम काय, तर वीजबिल, पेन्शनची कागदपत्रं, बँक आणि नातवाशी व्हिडिओ कॉल. वापरलेले, पुस्तकाएवढे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, पण पाटीवर नुसतं 'आय-फाइव्ह', म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरचं (संगणकाच्या मेंदूचं) नाव. कितव्या पिढीचा, असं विचारलं की "काकू, मक्खन चालते नं!"

गोम तिथंच आहे. पुढच्या आकड्यात पिढी कळते. ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. इंटेलच्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे हवं, तर साधारण आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकता येते, खरं आहे, पण ती शिकायला माझ्या यजमानांना कोण बसवणार? मग बँकेच्या व्यवहारासाठी सहावी पिढी कशाला गळ्यात मारायची?

८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी येणारी वेगवान साठवण) आम्हाला भरपूर. मात्र या डब्यांना लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, लाइन गेली की बंद. यूपीएसचा खर्च आधीच धरावा. आणि नागपूरच्या मे महिन्यात हा डबा टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये कोंबू नये, हेही कुणी सांगत नाही.

दुकानदारांनी पाटीवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि वॉरंटीची मुदत ठळक लिहावी, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर