शाळेचा फुटबॉल एकाच सामन्यात का संपतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सुब्रतो मुखर्जी चषक आणि शालेय फुटबॉलच्या जिल्हास्तरीय स्पर्धा सुरू होतात, आणि क्रीडा पानाच्या तळाशी 8-0, 11-0 असे निकाल दिसू लागतात. हरलेली शाळा बहुधा आडगावची असते. पटसंख्या दोनशे-अडीचशे, मैदान मुरमाचे, क्रीडाशिक्षक एकच आणि त्यांच्याकडे भूगोलाचे तासही. निकाल वाचून आपण म्हणतो, ‘त्यांच्याकडे टर्फ आहे, कोच आहे, आपलं काय चालणार?’ टर्फचा, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाचा, फायदा आहेच, पण हे आठ-दहा गोल टर्फमुळे होत नाहीत. ते ठराविक तीन-चार वाटांनी होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा वाटा फारसा खर्च न करता बंद करता येतात.

आधी मोठ्या शाळांचे बळ कशात आहे ते पाहू. कोल्हापुरात महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळेतली मुले पेठांमध्ये वाढतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने शाहू स्टेडियमवर बघतच ती मोठी होतात. ऑफसाइड (सहकाऱ्याने पास देताना समोरच्या बचावपटूंच्याही पलीकडे, गोलजवळ असण्याची चूक) म्हणजे काय, हे त्यांना फळ्यावर शिकवावे लागत नाही. मुंबईत शालेय क्रीडा संघटना 1893 पासून आहे, त्यामुळे तिथे शाळा-शाळांमधले सामने ही जुनी सवय आहे. राधानगरी किंवा जतकडच्या शाळेला मात्र वर्षाला एक सामना मिळतो. बाद पद्धतीत 32 संघ उतरले की 16 संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. वर्षभर सराव केलेल्या मुलाने खरा सामना तासभरसुद्धा खेळलेला नसतो. माझ्या मते खरी दरी इथे आहे, टर्फमध्ये नाही.

आता गोल कसे होतात ते पाहू. पहिली वाट गोलरक्षकाची. लहान शाळेत जो पळत नाही त्याला गोलात उभे करायची पद्धत आहे. गोलची उंची 2.44 मीटर आणि हा मुलगा जेमतेम पाच फुटांचा. समोरच्या संघाला हे दोन मिनिटांत कळते आणि ते वीस मीटरवरून डोक्यावरून मारू लागतात. संघातला सर्वांत उंच आणि हात चांगले असलेला मुलगा गोलात हवा. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात किंवा क्रिकेटच्या यष्ट्यांमागे तो सापडतो. त्याचा सराव ओल्या चेंडूवर घ्यावा. शेजारी पाण्याची बादली ठेवायची आणि प्रत्येक चेंडू बुडवून मारायचा. कोरड्या चेंडूवर वाघ असलेला गोलरक्षक जुलैच्या पावसात पहिलाच साधा चेंडू हातून सोडतो, तो याच कारणाने.

दुसरी वाट गोलकिकची, म्हणजे समोरच्यांनी चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर घालवला की आपण गोलपुढून मारायच्या किकची, आणि ही फार कमी जणांच्या लक्षात येते. कमकुवत संघाला सामन्यात गोलकिक सतत मारावी लागते. मुलगा जोर लावून सरळ मधून मारतो, चेंडू पंचवीस मीटरवर प्रतिस्पर्ध्याच्या पायात पडतो आणि आपले बचावपटू गोलकडे पाठ करून उभे असतात. यावर उपाय साधा आहे. गोलकिक नेहमी एकाच बाजूला, साइडलाइनच्या दिशेने मारायची आणि मारण्याआधी सगळा संघ त्या बाजूला पंचवीस-तीस मीटरच्या पट्ट्यात सरकवायचा. किक फसली तर चेंडू बाहेर जाईल, थ्रो-इन (कडेच्या रेषेवरून हाताने चेंडू आत फेकणे) होईल आणि संघाला जागा धरायला दहा सेकंद मिळतील. 2019 पासून गोलकिक पेनल्टी एरियाच्या (गोलपुढच्या आखलेल्या मोठ्या चौकटीच्या) बाहेर गेलीच पाहिजे ही अटही राहिलेली नाही. पण म्हणून टीव्हीवर बघून छोटे पास देत बाहेर पडायचा मोह चौदा वर्षांखालच्या मुलांनी आवरावा. चिखलात चेंडू अडकतो आणि आयता गोल होतो.

तिसरी वाट म्हणजे चेंडूभोवती जमणारा घोळका. चेंडू डावीकडे गेला की चारही बचावपटू डावीकडे धावतात, उजवीकडचा विंगर, म्हणजे समोरच्यांचा कडेने धावणारा खेळाडू, मोकळा. यासाठी 24 मीटरचा सुती दोर घ्यावा आणि दर 8 मीटरवर गाठ मारावी. दोन मुले टोके धरतात, दोन मुले गाठी. शिक्षक समोर उभे राहून चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे ढकलतात आणि चौघे दोर हातात धरून सरकतात. दोर लोंबायला लागला तर कोणीतरी शेजाऱ्याला चिकटलाय, हाताला हिसका बसला तर कोणीतरी एकटा पळालाय. चौघेही मान न वळवता कोण चुकलं ते सांगतात, कारण ते हाताला कळलेले असते. रोज दहा मिनिटे, तीन आठवडे. नंतर दोर काढून घेतला तरी अंतर राहते. त्याच वेळी समोर चौघांची दुसरी फळी दहा-बारा पावलांवर ठेवायची आणि एकालाच पुढे सोडायचे. उरलेल्या एकाला या दोन फळ्यांच्या मध्ये ठेवावे, आणि तो संघातला सर्वांत दमदार मुलगा असावा. दिसायला हा खेळ सुंदर नसेल, पण 11-0 चा 2-0 होतो, आणि 2-0 पिछाडीवरचा संघ शेवटपर्यंत पळतो.

बचाव झाला, पण गोल करायचा कसा? थांबलेल्या चेंडूवर. इथे पटसंख्येचा संबंध येत नाही, पाठांतराचा येतो. थ्रो-इनचेच घ्या. थ्रो-इनमधून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, तसाच कॉर्नर आणि गोलकिकवरही नसतो. हे नियमात आहे, पण शालेय बचावपटू सवयीने पुढे सरकत राहतात. एका मुलाला त्यांच्या पाठीमागे, साइडलाइनपासून दहा-बारा मीटर आत उभे करायचे आणि थ्रो थेट त्याच्याकडे. पंच शिट्टी वाजवणार नाहीत. लांब फेकणारा एकच मुलगा तयार करावा. गोफण मारणारा किंवा भालाफेकीतला असेल तर उत्तम. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही हात डोक्यामागून, एवढे घोटून घ्यावे, कारण फाउल थ्रोवर चेंडू फुकट जातो. कॉर्नरच्या दोनच आखण्या ठेवाव्यात, एक जवळच्या खांबावर, एक लांबच्या. दर गुरुवारी वीस मिनिटे फक्त हेच. पाच आखण्या शिकवल्या की सामन्यात एकही आठवत नाही.

बरोबरीत सुटलेला बाद सामना पेनल्टीवर जातो, आणि लहान शाळेने हेच धोरण ठेवले तर त्यात लाज नाही. पाच मुलांची नावे आणि क्रम आधीच ठरलेला असावा. कोपरा ठरवायचा, खाली मारायचे, धावताना बेत बदलायचा नाही. ओल्या मैदानावर टेकवायचा पाय घसरतो म्हणून धाव चार-पाच पावलांचीच ठेवावी.

मैदान लहान असले तरी महिन्यातून दोनदा खऱ्या मापाची पेनल्टी एरिया फक्की टाकून आखावी: 16.5 मीटर खोल, 40.3 मीटर रुंद. जागा नसेल तर गावातल्या बाजाराच्या पटांगणावर. दोन बांबू 24 फुटांवर रोवून 8 फुटांवर दोरी बांधली की गोलपोस्ट तयार. चाळीस मीटरच्या अंगणात खेळलेली मुले मोठ्या मैदानावर पहिली पंधरा मिनिटे हरवल्यासारखी असतात, आणि तेवढ्यात तीन गोल झालेले असतात.

सामानाचे थोडक्यात. 18 मुलांना एक चेंडू असेल तर तो सराव नव्हे, कवायत. तीन मुलांमागे एक, म्हणजे सहा चेंडू हवेत. मुरमावर शिवलेल्या चेंडूचे दोरे महिन्याभरात घासून तुटतात, म्हणून सरावाला रबरी मोल्डेड चेंडू घ्यावेत आणि चांगले दोनच शिवलेले चेंडू शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावेत. हवा ठासून भरू नये, दोन अंगठ्यांनी दाबल्यावर किंचित आत गेला पाहिजे. शिनगार्ड (नडगीवरची ढाल) नियमाने सक्तीचे आहेत. खेळाडू बदलताना बाहेर येणाऱ्याचे काढून आत जाणाऱ्याला घालायचे, यात संघ तीन मिनिटे दहा जणांनी खेळतो. सगळ्यांना स्वतंत्र जोडी द्यावी. बूट ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून एक नंबर मोठे घेतले की टाचेला फोड ठरलेला.

स्पर्धेच्या दिवशी मुले पहाटेच्या गाडीने उपाशी निघतात आणि मैदानाबाहेर वडापाव खाऊन उतरतात. उत्तरार्धात पोटऱ्यांना गोळे येतात ते बहुधा यामुळे. सामन्याआधी दोन तास गूळ-पोळी किंवा केळी, मध्यंतराला मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी. वडापाव नंतर, आणि हवे तेवढे.

सामन्यांच्या दुष्काळावर उपाय शाळांच्याच हातात आहे. जवळच्या चार शाळांनी मिळून सात-सात जणांची लीग करावी. एका पूर्ण मैदानावर दोन लहान मैदाने आडवी बसतात. प्रत्येक शाळा इतर तिघींशी दोनदा खेळली तर एकूण 12 सामने, प्रत्येकीला सहा. वीस-वीस मिनिटांचे डाव, पाच मिनिटे विश्रांती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन फेऱ्या होतात, म्हणजे तीन शनिवारांत लीग पूर्ण. ही लीग जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावी. दहावीची मुले तेव्हा परीक्षेत असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी खेळणारीच मुले आपोआप उतरतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर संघ बांधायला बसले तर स्पर्धेपर्यंत हातात जेमतेम महिना-सव्वा महिना उरतो, त्यातही पाऊस.

चांगला खेळणारा मुलगा आठवीनंतर वसतिगृह असलेल्या मोठ्या शाळेत जातो, ही तक्रार जुनी आहे. त्याला अडवू नये. त्याऐवजी 14 वर्षांखालील गटावर जोर द्यावा. पाचवीत धरलेली मुले तिथे एकत्र खेळतात. आणि मुलींचा संघ जरूर उतरवावा. खो-खो खेळलेल्या मुलींना झटकन वळणे आणि थांबणे येतेच, चेंडू तेवढा नवा. अनेक जिल्ह्यांत मुलींच्या गटात संघ कमी असतात आणि वर्षभर नीट सराव केलेली शाळा तिथे पुढच्या फेऱ्यांत दिसू शकते.

जिल्हा क्रीडा कार्यालयांना एकच विनंती. मानांकन द्या, ही मागणी लहान शाळांच्या नावाने केली जाते, पण मानांकनाने बलाढ्य संघ एकमेकांपासून लांब राहतात. पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर लहानच येतात. त्यापेक्षा 16 संघांचे चार गट करावेत. बाद पद्धतीत 15 सामने होतात, गटांत 24 आणि पुढे तीन, म्हणजे फक्त 12 जास्त. दोन मैदानांवर हे दोन दिवसांचे काम. 32 संघ असतील तर निदान पहिल्या फेरीत हरलेल्या 16 संघांना आपापसांत एक सामना द्यावा. त्यासाठी आठ सामने लागतात, आणि ते त्याच आठवड्यात मोकळ्या मैदानावर बसतात. वेळापत्रकही पंधरा दिवस आधी मिळावे. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर निरोप आला की ज्यांच्या वाडीतून सकाळी एकच एस.टी. निघते ती मुले येऊ शकत नाहीत, आणि सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, मिरज

ता. क. – चेंडूला हवा भरताना पिन आधी पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी. कोरडी पिन आत ढकलली की व्हॉल्व्ह फाटतो आणि मग दुकानदार चेंडूच खराब होता असे मानत नाही.