हॅम्बुर्गात बर्गर शोधणाऱ्या बंड्यास

सोलापूर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंड्या,

काय बे, चार महिन्यांत अकरा बर्गर खाल्लेस आणि एकही जमला नाही? तेही हॅम्बुर्गात बसून! ज्या गावाच्या नावावरून त्या पदार्थाचं बारसं झालं तिथंच तुला तो सापडेना, हे वाचून मी एकटाच हसत बसलो. आईनं विचारलं काय झालं, म्हटलं बंड्या उपाशी आहे. झालं, लगेच तिचा जीव कासावीस. शेंगाचटणीचं पार्सल या आठवड्यात निघतंय, तिखट सोसेल तेवढंच खा.

नावाचं म्हणशील तर त्यात तुझ्या गावाचा काही दोष नाही. बोटीनं अमेरिकेला गेलेल्या जर्मन लोकांच्या मागोमाग 'हॅम्बुर्ग स्टेक' म्हणून खिम्याची वडी तिकडे पोचली. पावात ती घातली अमेरिकनांनी. पहिल्यांदा कुणी, यावर तिथं अजून भांडणं आहेत. कनेक्टिकटातलं एक दुकान १९०० सालापासूनचा हक्क सांगतं. भांडू देत.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. तिसऱ्या फोटोतल्या बर्गराला बांबूची काडी टोचलीय ती बघ. वीतभर उंच वस्तू, काडी काढली की ढासळणार. आत अंजिराचा जॅम, वर मुळ्याच्या पाल्यासारखी कसलीतरी कडवट पानं, आणि पाव इतका गोड की चहात बुडवावा. हे खायला तोंड उघडायचं किती? सोबत काटा-चमचा दिलाय, म्हणजे दुकानदारालाही ठाऊक आहे. पाटी मात्र 'अस्सल अमेरिकन'.

आता अमेरिकेतल्या ओक्लाहोमातलं एल रेनो आठव. आपण राहायचो त्या स्टिलवॉटरहून दीड तास गाडी हाणत गेलो होतो, तुझ्या त्या हीटर नसलेल्या गाडीतून. रॉबर्ट्स ग्रिल, १९२६ पासूनचं. स्टुलं मोजकीच. त्या माणसानं तापल्या तव्यावर मांसाचा गोळा टाकला, वर मूठभर कांदा, कागदासारखा पातळ चिरलेला, आणि उलथन्यानं असा दाबला की कांदा मांसात रुतून बसला. उलटल्यावर कांदा खाली गेला आणि चरबीत तळत तांबूस झाला. मग पावाचे दोन्ही भाग त्याच्यावरच वाफेला ठेवले. तू तीन खाल्लेस आणि परत येताना गाडीभर तो वास. १९२२ साली तिथं रेल्वे कामगारांचा संप झाला, हातात पैसा नाही, मांस महाग, कांदा स्वस्त, म्हणून निम्मा कांदा घालून वेळ मारून नेली, असं तिथली माणसं सांगतात. तेव्हा तू म्हणाला होतास, "हे तर आपल्याच गावचं की बे. रेल्वे आहे, संप आहे, कांदा आहे." मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या आपल्या आज्ज्यांना ते दुकान दाखवायला हवं होतं. (काय खाल्लं ते सोडून. आपण तिथं फक्त चिकन खायचो एवढंच आईला माहीत आहे, आणि तसंच राहू दे. हे पत्र जपून ठेव.)

म्हणून सांगतो, पाटी वाचत हिंडू नकोस, तवा शोध. दारातून आत डोकाव. निखाऱ्यावरची जाळी दिसली तर पुढं चल, जाळीतून चरबी खाली गळते आणि आपल्याला हवी ती खरपूस पापडी धरत नाही. सपाट लोखंडी पत्रा हवा, आणि त्यावर उलथनं घासल्याचा खर्रर्र आवाज. चीज कुठलं ते विचार. आठ महिने मुरवलेल्या चेडरचं कौतुक सांगायला लागला की समज, तापल्यावर त्याला तेल सुटणार. आपल्याला तो पिवळा, बावळट, पातळ तुकडाच हवा. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, त्यामुळे तो न फाटता मऊ वितळतो. आणि मेन्यूत चौदा बर्गर असतील तर तिथं बसूच नकोस.

माझं विचारतोस, तर सोलापुरात आल्यापासून बर्गर म्हणून मिळतं ते म्हणजे बटाट्याची टिक्की आणि मेयोनीज. सोयीचं आहे, पोरं खातात, माझी तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात मला राहवेना. विजापूर वेशीतून मटणाचा खिमा आणला. खाटकाला म्हटलं, चरबी पाचात एक भाग घाला. तो म्हणाला, "कबाबला का? मग दोनदा काढतो." त्याला नको म्हणून समजवायला दहा मिनिटं गेली. शीक कबाबाचा खिमा मीठ घालून मळायचा, म्हणजे चिकट होऊन शिगेला धरतो. आपल्याला बरोबर उलटं हवं, एकदाच काढलेला, सुटा, मीठ तव्यावर पडल्यावर वरून. पहिल्या खेपेला मी सवयीनं मीठ घालून मळला आणि जे झालं ते रबरी चकतीसारखं. बाहेरच्या कुत्र्यानंही आधी हुंगून पाहिलं.

आईनं स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. गच्चीवर जुनी शेगडी आणि भाकरीचा टाकून दिलेला लोखंडी तवा, एवढी परवानगी मिळाली. घरातलं उलथनं लवचिक, ते वाकायचं आणि पापडी तव्यालाच राहायची. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून पुट्टीची पत्ती आणली, नवी कोरी, घासून उकळून घेतली. काय कापते बे! गोळा टाकायचा, अर्ध्या मिनिटाच्या आत स्टीलच्या डब्याच्या बुडानं दाबायचा, नंतर हात लावायचा नाही. कडा कडक भाकरीसारख्या कुरकुरीत आणि जाळीदार झाल्या की पत्ती तव्याला चिकटून खालून सरकवायची. कांद्याची तर आपल्याकडं काय कमी! लादीपाव तेवढा कच खातो, दोन घासांत भिजून तुटतो. लोण्यावर आतून भाजून घेतला तर टिकतो. आणि मटणाची चरबी गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून उभ्या उभ्याच खायचं.

चौथ्या खेपेला जमलं. डोळे मिटून खाल्लं तर स्टिलवॉटर नाही, पण एल रेनोच्या अलीकडचा पेट्रोल पंप तरी आला. आईनं जिन्यावरून वास घेतला आणि म्हणाली, "एवढी यातायात करून खिमापावच केलास ना?"

तुझ्याकडं तर काम सोपं आहे. तिथं 'रिंडरहॅक' म्हणून खिमा मिळतो, त्यात चरबी २० टक्क्यांपर्यंत असते, तेवढीच हवी. टोस्टसाठीच्या चीजच्या पिवळ्या चकत्या कुठल्याही दुकानात. लोणचं मात्र बघून घे, तिकडच्या काकड्या गोडसर असतात, आपल्याला शेपूच्या वासाची आंबट हवी. तवा नसेल तर सांग, गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत येशील तेव्हा इथून घेऊन जा. वजन जास्त भरलं तर चादरी कमी ने.

बारावा बर्गर कधी खातोस? त्याचा फोटो नको, कांद्याचा वास दारापर्यंत आला का तेवढं लिही.

पाणी आलंय. आज पाचवा दिवस, मोटार लावून टाकी भरायची आहे. आई खालून हाका मारतेय.

तुझा,
दुसऱ्या खाटेवरचा रूमपार्टनर