क्रिकेटचा सराव पावसात का नको?

मा. संपादक,

मे महिन्यात आमच्याकडे क्रिकेटची उन्हाळी शिबिरे भरतात. गावातली पोरे आणि मुंबईहून सुट्टीला आलेली पोरे एकाच नेटसमोर, म्हणजे सरावाच्या जाळीसमोर, रांग लावतात. पाळी आली की सहा चेंडू, मग पुन्हा रांग. याला सराव म्हणायचे तर एसटीची वाट बघत बसणे हाही प्रवासच झाला!

मुळात नेट ही नंतरची पायरी. आधी एकेक गोष्ट सुटी काढून घोटून घ्यावी लागते. टेनिस चेंडूवर वाढलेल्या आपल्या पोरांची खोड ठरलेली आहे. चेंडू उसळतो, म्हणून लेगला, म्हणजे पायांमागच्या बाजूला, सरकायचे आणि बॅट आडवी फिरवायची. टेनिस चेंडूच्या ओव्हरआर्म नाइट स्पर्धेत हे खपते, त्यावर बक्षिसेही मिळतात. पण १५६ ते १६३ ग्रॅमचा लेदर चेंडू खाली राहून आत आला की दांडी गुल.

यावरचा उपाय फुकटातला आहे. जुन्या मोज्यात चेंडू घालून तो पडवीच्या वाशाला टांगा आणि फक्त वरच्या हाताने खेळायला लावा. उजव्या फलंदाजाचा तो डावा हात. खालच्या हाताचा जोर निघाला की बॅट सरळ येऊ लागते. झेलांसाठी पोराला भिंतीकडे तोंड करून उभे करा आणि त्याच्या मागून चेंडू भिंतीवर फेका. चेंडू कुठून येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे नजर आणि हात दोन्ही तयार होतात. ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज ब्रॅडमन लहानपणी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपने मारत असे. त्याला कुठे नेट होते?

यातल्या कशालाच मैदान लागत नाही. तरीही जून लागला की आपण किट माळ्यावर टाकतो, ते भातकापणी होऊन मळे मोकळे होईपर्यंत. द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे, सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर मूळ मालवणचे, याचा अभिमान आपण भाषणात मिरवतो, आणि वर्षातले चार महिने पोरांना मोबाइलच्या हवाली करतो.

शाळांनी रविवारी सकाळी दोन तास सभागृह किंवा लांब व्हरांडा उघडून द्यावा. आठ-दहा मुलांचे गट पुरेत. खिडक्यांच्या काचांची काळजी असेल तर टेनिस चेंडू वापरावेत. मोजे आणि चेंडू आम्ही पालक आणू.

– एक पालक, मालवण