दूरदेशीच्या मुलांचा खर्च आणि आपल्या मंडळ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशातून भारतातील मुलांसाठी येणाऱ्या मदतीवर वृत्तपत्रांतून वेळोवेळी लिहिले जाते. मात्र पुण्यातील ख्रिस्ती घरांतून परदेशातील गरजू मुलांसाठी जाणाऱ्या मदतीविषयी फारसे कोणी बोलत नाही. ही मदत थोडी आहे, पण आहे. ती वाढावी आणि योग्य रीतीने दिली जावी, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

आमच्या चर्चच्या मंडळीतील काही कुटुंबे मिळून युगांडातील एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. तिथे प्राथमिक शिक्षण सात वर्षांचे असून सातवीच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा होते. सरकारने १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केले असले, तरी गणवेश, वह्या, दुपारचे जेवण आणि पुढे माध्यमिक शाळेचा खर्च घरावरच पडतो. दर सत्राअखेर आमच्याकडे तिच्या प्रगतिपुस्तकाची प्रत येते. त्यात गुण आणि वर्गशिक्षिकेचा शेरा असतो, आणि तळाशी पुढच्या सत्राला येताना आणायच्या वस्तूंची यादी असते: कागदाची रिमे, केरसुणी, साबण. फी भरली गेली तरी एवढ्या किरकोळ सामानावाचून एखादी मुलगी सत्राच्या पहिल्या आठवड्यात घरीच बसून राहू शकते, हे आम्हाला त्या यादीमुळे समजले. तेव्हापासून या वस्तूंचे पैसेही आम्ही फीबरोबरच पाठवतो.

यावर हमखास विचारले जाते, की येरवड्यातली, जनता वसाहतीतली, ऊसतोडणीच्या तांड्यांबरोबर फिरणारी आपली मुले सोडून आफ्रिकेपर्यंत जायचे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. माझा अनुभव मात्र असा आहे, की दूरच्या मुलासाठी खिशात हात घालणारी माणसेच जवळच्या मुलासाठीही उभी राहतात, आणि 'आधी आपली' असे बजावणारे बरेचजण आपल्यांसाठीही काही करत नाहीत. पण मुख्य मुद्दा श्रद्धेचा आहे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दुष्काळाची वार्ता आल्यावर अंत्युखिया शहरातील येशूच्या शिष्यांनी, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे, यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठवण्याचे ठरवले. अंत्युखियात गरीब नव्हते असे थोडेच आहे! तरीही आपल्या वेशीतली गरिबी संपेपर्यंत थांबावे, असे त्यांना वाटले नाही. ज्याला आपण पित्या म्हणून हाक मारतो, त्याच्या घरात युगांडातले मूल आणि येरवड्यातले मूल सारखेच मोडते, हे मान्य असेल तर नकाशावरच्या अंतराने जबाबदारी कमी होत नाही.

पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने पंडिता रमाबाईंच्या कार्याला दहा वर्षे आर्थिक पाठबळ देण्याचे वचन दिले. त्या बळावर मुंबईत सुरू झालेले विधवा व मुलींसाठीचे शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना दौंड तालुक्यातील केडगावात आसरा मिळाला. ज्यांनी ते पैसे दिले, त्यांतल्या बहुतेकांनी दौंडचे नावही ऐकलेले नसेल. माझी आई नगरकडच्या एका मिशन बोर्डिंगात वाढली. तिच्या वह्या-पुस्तकांचा आणि जेवणाचा खर्च परदेशातील एक कुटुंब करत असे. ते कुटुंब तिने कधी पाहिले नाही. मी आज शिकून-सवरून हे पत्र लिहू शकते, यात त्या अनोळखी घराचा वाटा आहे, आणि तो मान्य करून आपणही कोणाच्या तरी आईसाठी तेवढेच करावे, यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही.

याच आईकडून मी या पद्धतीची दुसरी बाजूही ऐकली आहे. दर नाताळापूर्वी तिला आभाराचे पत्र लिहावे लागे. मेट्रन वाक्ये सांगत आणि मुली ती उतरवून घेत. घरची आठवण येते, हे वाक्य तिने एकदा स्वतःच्या मनाने घातले, तर कागद फाडून तिला पत्र पुन्हा लिहायला लावले. मदत देणाऱ्याला बरे वाटावे म्हणून मुलाच्या मनावर असा लगाम घालणे, मुलांचे फोटो मांडून त्यांतून 'एक निवडा' असे सांगणे, हे मला श्रद्धेच्या विरुद्ध वाटते. एका मोठ्या ख्रिस्ती संस्थेने २०१९ पासून हा क्रम उलटा करून मुलांनाच आपला प्रायोजक निवडू देण्याचा उपक्रम सुरू केला आहे. त्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत, पण दिशा बरोबर आहे.

अशा मदतीचा उपयोग होतो का, याचे उत्तर आता नुसत्या भावनेवर सोडण्याची गरज नाही. २०१३ मध्ये ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी भारत, केनिया, युगांडा, फिलिपिन्स, बोलिव्हिया आणि ग्वाटेमाला या सहा देशांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कम्पॅशन या ख्रिस्ती संस्थेमार्फत आधार मिळालेली मुले इतरांपेक्षा सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकल्याचे त्यात दिसून आले. मात्र त्याआधी, १९९८ मध्ये, शिकागोतील एका वृत्तपत्राच्या पत्रकारांनी वेगवेगळ्या संस्थांमार्फत मुलांचा खर्च उचलून प्रत्यक्ष तपास केला, तेव्हा मालीमधील एक मुलगी मरण पावल्यानंतरही तिच्या नावाने पैसे घेतले जात होते, हेही उघड झाले. म्हणून हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. यरुशलेमसाठी गोळा केलेल्या देणगीबाबत कोणी बोट दाखवू नये, यासाठी प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली होती. त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय आपल्या प्रत्येक खजिनदाराने वाचावा.

अशा मदतीमागे धर्मांतराचा हेतू असल्याचा संशय पुण्यात नवा नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. आपल्या काळात, २०१७ मध्ये, परदेशी देणगीविषयक कायद्याखालील निर्बंधांमुळे कम्पॅशनने भारतातील काम बंद केले, तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुलांचा आधार तुटला. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी जात नाही. परंतु आता देणारे आपण असताना ज्या कसोटीवर आपल्याला तपासले गेले, तीच आपण स्वतःला लावली पाहिजे. ज्या मुलीची फी आम्ही भरतो तिचे घर कोणत्या देवळात किंवा मशिदीत जाते, हे आम्ही विचारत नाही, आणि प्रार्थनेला बसण्याची अट घालणाऱ्या संस्थेला आम्ही पैसे देणार नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि आभार मानायला एकच परतला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचा रोग त्याने परत आणला नाही.

व्यवहाराचेही दोन शब्द. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीय व्यक्तीला ठरलेल्या मर्यादेत परदेशात देणगी पाठवता येते. बँकेत ए-टू फॉर्म भरून कारण नोंदवावे लागते आणि पॅन द्यावा लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातील सवलत मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावे. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून रक्कम पाठवण्यात आयकराचे वेगळे प्रश्न उभे राहतात, तेव्हा कुटुंबांनी वैयक्तिक खात्यातूनच पाठवलेले बरे. पैसे शक्य तेव्हा थेट शाळेच्या खात्यात जावेत आणि पावती सर्वांना दाखवावी.

शहरातील मंडळ्यांना माझी विनंती आहे, की येत्या वार्षिक सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि मुलाची निवड, रक्कम व पाठवण्याचा मार्ग यांविषयी स्त्रियांची मतेही तिथेच, सर्वांसमोर ऐकून घ्यावीत. शाळांच्या फीची आणि केरसुणीची किंमत त्यांना अधिक ठाऊक असते.

आपली विश्वासू,
एक वाचक, वानवडी, पुणे