साखरपुड्याच्या फोटोशूटआधी ठरलेलं मार्गदर्शन न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पॅकेजमध्ये असलेलं पूर्वतयारीचं मार्गदर्शन न मिळाल्याबाबत आणि फोटोशूट पुन्हा करून मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी तुमच्याकडून साखरपुड्याचं फोटोशूट करून घेतलं. फोटो परवा हातात आले. ते पाहून मी लगेच तुमच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, तयारी ज्याची त्यानं करायची असते, आम्ही फक्त फोटो काढतो." मी हे पत्र लिहितेय ते या वाक्यामुळे. तुमच्या पॅकेजच्या तपशिलात पहिलीच ओळ आहे: फोटोशूटआधी अर्धा तास फोनवर सल्ला, कपडे, वेळ, जागा आणि तयारी. तीन पॅकेजेसपैकी आम्ही हे निवडलं ते याच ओळीसाठी. आम्हा दोघांनाही कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय नाही. काय घालावं, किती वाजता उजेड चांगला असतो, हात कुठे ठेवायचे, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी बुकिंग करतानाच सांगितलं होतं.

तो सल्ल्याचा फोन आलाच नाही. मी दोनदा मेसेज केला. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, "छान सोबर काहीतरी घाला, मॅचिंग असेल तर उत्तम." दोन्ही मेसेज सोबत जोडले आहेत.

मॅचिंग म्हटल्यावर आम्ही दुकानं पालथी घातली. माझ्या निळ्या ड्रेसला जुळेल असा बारीक चौकडीचा शर्ट माझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी शोधून काढला. आता त्या शर्टावर जवळून काढलेल्या प्रत्येक फोटोत हिरव्या-जांभळ्या लाटा उमटल्या आहेत. मला आधी वाटलं माझ्या स्क्रीनचाच दोष आहे. माझी मामेबहीण कॅटलॉग छपाईचं काम करते, तिला दाखवलं, तर तिनं बघताक्षणी ओळखलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलची एक जाळी असते आणि कापडावरची बारीक, एकसारखी चौकड जवळपास त्याच मापाची दिसायला लागली की दोन जाळ्या एकमेकींवर पडून तिसरीच नक्षी तयार होते. याला मॉयरे म्हणतात. फोटोच्या धंद्यातल्या कुणालाही हे माहीत असतं, असं ती म्हणाली. म्हणजे तुमच्याही माणसांना माहीत असणार. "बारीक चौकडी आणि बारीक रेघा नकोत, साधं एकरंगी कापड बघा," एवढं एक वाक्य आम्हाला पुरलं असतं. आणि दोघांनी अगदी एकाच रंगात येण्यापेक्षा एकमेकांना शोभतील असे दोन-तीन रंग निवडले तर माणसं वेगवेगळी उठून दिसतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. आता दोघांचाही निळा रंग एकात एक मिसळलाय आणि मिठीतल्या फोटोत माझा हात कुठे संपतो आणि त्याची बाही कुठे सुरू होते तेही कळत नाही.

वेळेचं तर त्याहून वाईट झालं. सूर्यास्ताच्या आधीचा दीड तास ठरला होता. आदल्या रात्री मेसेज आला की दुसरं बुकिंग असल्यामुळे आता दुपारी साडेबाराला या. त्यानं काय फरक पडतो हे आम्हाला कळत नव्हतं, म्हणून आम्ही "चालेल" म्हणालो. तुम्हाला मात्र कळत होतं. संध्याकाळी सूर्य खाली असतो, उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो, त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेला उबदार उजेड चेहऱ्यावर बाजूनं पडतो. भर दुपारी तोच सूर्य डोक्यावर असतो. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर. आमच्या फोटोंत नेमकं हेच झालंय. माझे डोळे अर्धे मिटलेले आहेत, कपाळ चकाकतंय आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं आल्यासारखी दिसतात. त्या जागी झाडं होती, एक उंच भिंत होती. सावलीत उभं करता आलं असतं. तसं शेवटची दहा मिनिटं सोडली तर केलं नाही.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते सांगते. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा चष्मा उन्हात काळा होणारा आहे. त्या काचा अतिनील किरणांनी गडद होतात आणि सावलीत आल्यावर पुन्हा नितळ व्हायला काही मिनिटं लागतात. मिळालेल्या 120 फोटोंपैकी 83 फोटोंत त्याचे डोळे दिसत नाहीत. अंगठी घालतानाच्या फोटोत तो माझ्याकडे बघतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन काळी भिंगं आहेत. त्याच्याकडे साध्या काचांचा जुना चष्मा आहे, त्याच नंबरचा, घरी खणात पडलेला. "चष्मा आहे का, कुठल्या काचेचा?" असं कुणी विचारलं असतं तर तो पाकिटासारखा खिशात टाकून आणला असता. चष्मा लावणारी जोडपी तुमच्याकडे काही पहिल्यांदाच येत नसतील.

अंगठीचा जवळून काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. अंगठी त्याच्या आईची आहे. खड्याच्या खाली, कोंदणाच्या आत, साबण आणि क्रीमचा वाळलेला पांढरट थर स्पष्ट दिसतो. माझ्या अंगठ्याच्या नखाजवळची सोललेली कातडी दिसते. मनगटावर केसांच्या रबराचा वळ आहे, कारण तो रबर मी जागेवर पोहोचल्यावर काढला. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं, पण अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रो लेन्सला सगळं दिसतं. खडा मोती किंवा ओपलसारखा नाजूक नसेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर अंगठी आदल्या रात्री दहा मिनिटांत स्वच्छ होते. हाताला आठवडाभर रात्री क्रीम लावणं, घट्ट रबर आणि घड्याळ तासभर आधी काढून ठेवणं, खिशातला मोबाइल बाहेर काढणं, या गोष्टी आम्ही आनंदानं केल्या असत्या. कुणी सांगायला हवं होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. तुमचे फोटोग्राफर वागायला चांगले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी भिंतीच्या सावलीत काढलेले तीन फोटो फार सुंदर आहेत. तिथे त्यानं घाम पुसायला चष्मा काढला होता, मी काहीतरी बोलत होते आणि तो हसत माझ्याकडे बघत होता. त्या तिन्ही फोटोंत आम्ही आम्हीच दिसतो. म्हणजे आमचे चेहरे, कॅमेरा आणि तुमचा माणूस, सगळं ठीक होतं. कमी पडलं ते आधीचं अर्ध्या तासाचं बोलणं, ज्याचे पैसे आम्ही भरले होते.

फोनवर मला एडिटिंगमध्ये सगळं दुरुस्त होईल, नाहीतर फोटो काळे-पांढरे करून देतो असं सांगण्यात आलं. काळ्या-पांढऱ्यात लाटांचे रंग जातील, पण शर्टावरची नक्षी राहील. आणि जे डोळे काचेमागे टिपलेच गेले नाहीत, ते एडिटिंगमध्ये कुठून येणार? दुसऱ्या कुठल्या फोटोतले डोळे आणून तिथे बसवलेले मला नको आहेत.

म्हणून माझी मागणी अशी आहे की फोटोशूट कुठलंही जादा शुल्क न घेता पुन्हा करून द्यावं, ते सूर्यास्ताआधीच्या वेळेतच व्हावं आणि त्यानंतर वेळ एकतर्फी बदलू नये. त्याआधी किमान दहा दिवस तो अर्ध्या तासाचा सल्ला मिळावा, म्हणजे कपडे बदलायला, केस कापायला आणि नवे बूट घालून सवय करायला वेळ राहील. फोटोग्राफर तेच असले तर आम्हाला बरं वाटेल, कारण त्यांच्यासमोर आमचं अवघडलेपण थोडं तरी गेलं आहे. हा विषय मिटेपर्यंत मूळ रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातले एडिट न केलेले फोटो, काढून टाकू नयेत. पुन्हा फोटोशूट शक्य नसेल तर पॅकेजची रक्कम परत करावी आणि ते तीन फोटो पूर्ण आकारात द्यावेत.

माझी आणखी एक विनंती आहे, तिचा आमच्या पैशांशी संबंध नाही. कपडे, चष्मा, अंगठी, वेळ, हात-नखं याबद्दलचं एक पान लिहून बुकिंगच्या दिवशीच प्रत्येक जोडप्याला पाठवा. तुमच्या माणसाचा फोन करायचा राहून गेला तरी ते पान त्यांच्या हातात असेल.

माझा होणारा नवरा दुसऱ्या गावी नोकरी करतो. पुढची सुट्टी त्याला महिनाअखेरीस चार दिवस मिळणार आहे. त्यातली कुठलीही संध्याकाळ आम्हाला चालेल. सुट्टीचा अर्ज त्याला आधी द्यावा लागतो, तेव्हा या पत्राचं उत्तर आठ दिवसांत लेखी कळवावं.

आपली विश्वासू,
बुकिंग करणारी ग्राहक

सोबत: पॅकेजच्या तपशिलाची प्रत, दोन्ही मेसेज, वेळ बदलल्याचा मेसेज, पैसे भरल्याची पावती आणि खुणा केलेले सहा फोटो.